मे महिन्याचा जेट, जानेवारीची सकाळ

पार्श्वभूमी

परभणीत वसमत रोडला माझं गॅरेज आहे. टू-स्ट्रोकची कामं आता कमी झालीत, पण येतात ती लांबून येतात. हे प्रकरण अशाच एका यामाहा आरएक्स १०० चं. सगळं मांडून लिहितोय, कारण यातली मोठी चूक माझी होती. गाडीमालकाचं नाव बदललं आहे, आपण त्याला गणेश म्हणू.

गणेश सेलू तालुक्यातला, वय पंचविशीच्या आत. आजोबांनी घेतलेली आरएक्स त्याने मातीच्या ट्रॅकवर पळवायला तयार केली होती. ही गाडी आपल्याकडे १९८५ ला आली आणि १९९६ ला बंद झाली. ९८ सीसी, बोअर ५० मिमी, स्ट्रोकही ५० मिमी, ताकद सुमारे ११ घोड्यांची. गणेशने सिलिंडरचं पोर्टिंग (आतल्या वाटा घासून मोठ्या करणं) करून घेतलं होतं, एक्सपान्शन चेंबरवाला सायलेन्सर चढवला होता, तेल आपोआप सोडणारा ऑटोल्यूबचा पंप काढून टाकून तेल थेट टाकीत मिसळायला सुरुवात केली होती. कंपनीचा २० मिमीचा कार्ब्युरेटर जाऊन तिथे मिकुनी कंपनीचा २४ मिमीचा व्हीएम २४ आला होता. तो बसवायचा ॲडॉप्टर लेथवर बनवलेला, ॲल्युमिनियमचा, काम चांगलं होतं.

मी घेताना एक अट घातली. अशी गाडी रस्त्यावर चालवायची नाही. गाडीत मनाने बदल करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, आणि त्या सायलेन्सरचा आवाज ऐकून पोलिसांना कलम शोधायचीही गरज पडत नाही. तेव्हापासून ती छोट्या हत्तीत बसूनच येते-जाते.

पहिली अडचण

मे महिन्यात गाडी आली तेव्हा गणेशची तक्रार सरळ होती. "उस्ताद, खाली गुदमरायली अन् वर गेल्यावर फडफडायली. मधीच जरा बरी पळती."

खाली गुदमरणं आणि वर फडफडणं ही दोन वेगळी दुखणी होती. टू-स्ट्रोक वरच्या आरपीएमला फडफडते, एक सोडून एक फायर केल्यासारखी वाजते, तेव्हा बहुतेक वेळा तिला पेट्रोल जास्त होत असतं. कार्ब्युरेटर उघडला तर आत १९० चा मेन जेट, म्हणजे पूर्ण रेसला ज्या भोकातून पेट्रोल येतं तो. कुठून आला, तर मित्राच्या गाडीत तोच होता म्हणून. पायलट जेट २० चा, नीडलची (स्लाइडबरोबर वर-खाली होणाऱ्या सुईची) क्लिप वरून तिसऱ्या खाचेत, स्लाइडचा कटअवे (खालच्या कडेचा काप) २.५.

जेटच्या आकड्यांचा घोळ इथेच सांगून टाकतो, कारण पोरं यातच फसतात. मिकुनीच्या मोठ्या षटकोनी जेटवरचा आकडा त्यातून किती पेट्रोल वाहतं त्याचा असतो. केहिन या दुसऱ्या कंपनीच्या जेटवर छिद्राचा व्यास असतो. त्यामुळे 'त्याच्यात ११० आहे, माझ्यात १९० कसा' ही तुलना निरर्थक आहे. त्यात नकली जेट बाजारात भरपूर. आकडा एक आणि भोक वेगळं. मी गणेशचे सगळे जेट बाजूला काढून माझ्याकडचा संच वापरला.

मे मधलं काम

आधी ॲडॉप्टर आणि रबरच्या जोडावर इंजिन चालू असताना क्लीनर मारून पाहिला. आरपीएम हलला नाही, म्हणजे तिथून हवा घेत नव्हती. क्रँकच्या सीलची प्रेशर टेस्ट मी केली नाही. वेळ वाचवला. फ्लोटची पातळी पाहिली. पेट्रोलचा कॉक बाटलीत मोकळा सोडून पाहिला, कारण मोठ्या कार्ब्युरेटरला जुना कॉक कधी कधी पुरत नाही. पुरत होता.

मग ग्रिपवर पांढरी टेप लावली आणि मार्करने खुणा केल्या: पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण. स्लाइडच्या कार्ब्युरेटरचं काम या खुणांवर वाटलेलं असतं. अगदी सुरुवातीला पायलट जेट आणि एअर स्क्रू, पावाच्या आसपास स्लाइडचा कटअवे, पावापासून पाऊणपर्यंत नीडल, पाऊणच्या पुढे मेन जेट. हद्दी एकमेकींत शिरतात, पण कुठल्या खुणेवर गाडी अडते ते कळलं की अर्धं काम होतं. टेप नसेल तर चालवणारा 'अर्ध्यावर अडते' म्हणतो आणि त्याचा अर्धा खरं तर पाव असतो.

इंजिन गरम करून एअर स्क्रू फिरवला. सगळ्यात स्वच्छ आयडल अर्ध्या फेऱ्यावर मिळत होतं. व्हीएमचा हा स्क्रू हवेचा आहे, बाहेर काढला की हवा वाढते. बरोबर पायलट जेट असेल तर तो एक ते दोन फेऱ्यांच्या मध्ये कुठेतरी बसतो. अर्ध्यातच बसला म्हणजे पायलट छोटा. २० काढून २५ घातला, स्क्रू दीड फेऱ्यावर आला, खालचं गुदमरणं बरंचसं गेलं.

मेन जेटसाठी गाडी ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या वावरात नेली. मे महिन्यात वावर मोकळं असतं, धुऱ्याच्या कडेने अर्ध्या किलोमीटरची सरळ पट्टी मिळाली. दुपारी ३ वाजता गेलो, कारण गणेशला तेव्हाच वेळ होता. पारा ४२ च्या घरात. नवा प्लग लावायचा, चौथ्या गिअरला पूर्ण रेस धरायची, पट्टीच्या टोकाला एकाच क्षणी क्लच दाबून इंजिन बंद करायचं आणि तसंच घरंगळत थांबायचं. मग प्लग काढून भिंगाने आत, चिनीमातीच्या मुळाशी बघायचं. बाहेरच्या टोकाचा रंग फसवतो.

१९० वर मुळाशी काळं वलय. १८० वर तसंच, जरा कमी. १७० वर फडफड वरच्या टोकालाच उरली. १६५ वर अगदी शेवटी एक हलकी कुरकुर. १६० वर गाडी सरळ सुटली.

गणेशच्या चेहऱ्यावरचा आनंद मला अजून आठवतो. मलाही चढलं. १६५ वर थांबायला हवं होतं हे मला तेव्हाही माहीत होतं. टू-स्ट्रोक शर्यतीची असो की दुधाची, मेन जेट एक पायरी रिच, म्हणजे पेट्रोल जरा जास्त देणारा, ठेवतात. पण १६० वर ती ज्या तऱ्हेने ओढत होती ते पाहून हात मागे गेला नाही. नीडलची क्लिप एक खाच खाली घेतली, म्हणजे नीडल वर उचलली आणि मधल्या पट्ट्यात पेट्रोल वाढलं. काम संपलं म्हणून गाडी दिली.

शर्यत कधी आहे हे मी विचारलंच नाही.

जानेवारी

शर्यत संभाजीनगरच्या बाहेर आखलेल्या मातीच्या ट्रॅकवर होती. आदल्या सकाळी साडेसातला सरावाची फेरी सुरू झाली. आपल्याकडची जानेवारीची सकाळ कशी असते ते परभणीच्या माणसाला सांगायला नको. इथल्या कृषी विद्यापीठाचा किमान तापमानाचा आकडा पेपरात चौकटीत छापून येतो. त्या दिवशी संभाजीनगरला पारा १० च्या आसपास असावा. तिसऱ्या फेरीत, लांब सरळ पट्टीवर पूर्ण रेस असताना मागचं चाक लॉक झालं. गणेशने क्लच ओढला म्हणून पडला नाही.

दुपारी फोन आला. "उस्ताद, पिस्टन पकडला. अन् म्या तर तेलबी जास्तच टाकलो होतो."

या दुसऱ्या वाक्यावर मी खुर्चीत सरळ बसलो.

तपास आणि समोरचे पर्याय

गाडी आली तेव्हा गणेशच्या मित्रांचं मत पक्कं झालं होतं: थंडीत गरम न करता पळवली. माझं पहिलं मतही तेच होतं, खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. थंड इंजिनाला एकदम रेस दिली की पिस्टन लवकर फुगतो आणि सिलिंडर मागे राहतो. असा पिस्टन जाम होतो तेव्हा ओरखडे चार ठिकाणी, जवळपास सारखे पडतात. तसं निघालं असतं तर माझा दोष नव्हता.

हेड काढलं. ओरखडे एक्झॉस्टच्या बाजूला होते, इनटेककडची बाजू जवळजवळ स्वच्छ. प्लगची चिनीमाती पांढरी फटक आणि तिच्यावर ॲल्युमिनियमचे बारीक चमकते ठिपके. ते ठिपके पिस्टनच्या माथ्यावरून उडालेले. मिश्रण लीन झालं होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं होतं.

गणेशपुढे तीन वाटा ठेवल्या. पहिली, कंपनीचा २० मिमीचा कार्ब्युरेटर परत लावायचा आणि वरची ताकद सोडून द्यायची. दुसरी, १९० परत घालायचा, फडफडू दे पण जळणार नाही. मित्रांना ही पटत होती. तिसरी, लीन का झालं ते शोधायचं, मग जेट ठरवायचा. तिसरीला वेळ लागणार होता आणि दुसरी शर्यत चार आठवड्यांवर होती. दुसऱ्या वाटेवर माझा आक्षेप असा की जर सील हवा घेत असेल तर १९० नेही ती वाचणार नाही, फक्त उशिरा जाम होईल. गणेशने तिसरी निवडली. मजुरी मी घेणार नाही हे मीच सांगितलं. पिस्टन किट आणि बोअरिंगचे चारेक हजार त्याने भरले.

मे मध्ये टाळलेली प्रेशर टेस्ट आता केली. इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून ६ पीएसआय हवा भरली आणि सहा मिनिटं काट्याकडे बघत बसलो. काटा जागचा हलला नाही. ॲडॉप्टरवर, दोन्ही सीलवर, बेस गॅस्केटवर साबणाचं पाणी लावलं, एकही बुडबुडा नाही. टायमिंग तपासलं, हललेलं नव्हतं. फ्लोट जागेवर, जेट स्वच्छ.

मग वहीत हिशोब मांडला. मे मधली ४२ अंशांची हवा आणि जानेवारीतली १० अंशांची हवा. केल्विनमध्ये ३१५ आणि २८३. दाब तोच धरला तर थंड हवा सुमारे ११ टक्के घट्ट. कार्ब्युरेटर हवा घट्ट झाली की पेट्रोलही जास्त ओढतो, पण त्याच प्रमाणात नाही, साधारण वर्गमुळाच्या हिशोबाने. म्हणजे मिश्रण पाच-साडेपाच टक्के लीन. संभाजीनगर परभणीपेक्षा दीड-दोनशे मीटर उंच आहे, पण उंचीने हवा विरळ होते आणि मिश्रण रिचकडे सरकतं. तिथून थोडी मदतच झाली असेल, फार नाही.

आता तेल. मे मध्ये लिटरला ३० मिली होतं. थंडीत इंजिनाला सांभाळावं म्हणून गणेशने ५० केलं. गॅरेजच्या कट्ट्यावर दहापैकी आठ जण हेच करतील, कारण तेल जास्त म्हणजे पिस्टन सुखरूप असं डोक्यात बसलेलं असतं. पण जेटमधून जातं ते मिश्रण, आणि त्यात तेल वाढलं की तेवढ्याच थेंबात पेट्रोल कमी. ३० मिलीला मिश्रणात पेट्रोल ९७ टक्के, ५० मिलीला ९५. आणखी दोन टक्के लीन. वर तेलाने मिश्रण घट्ट होतं आणि जेटमधून जरा हळू वाहतं, ते वेगळं.

पाच-साडेपाच आणि दोन, म्हणजे सात-साडेसात टक्के. मी मे मध्ये सोडून दिलेली एक पायरी, १६५ वरून १६०, तीन टक्क्यांची. १६० ला साडेसात टक्क्यांनी वाढवलं तर १७२ येतात.

ई२० चं मध्येच

गणेशने विचारलं, "पेट्रोलमधल्या इथेनॉलनं झालं का?" प्रश्न रास्त होता. ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, २०२३ पासून विकायला लागलं आणि २०२५ पर्यंत जवळपास सगळीकडे तेच आलं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९, ई२० ला साधारण साडेतेरा. म्हणून जुन्या, शुद्ध पेट्रोलवरच्या सेटिंगला आजचं पेट्रोल घातलं तर गाडी लीन पळते, आणि पंधरा वर्षांपूर्वीचे जेटचे तक्ते आज तसेच वापरता येत नाहीत. पण या गाडीत इथेनॉल दोषी नव्हतं. मे मध्ये सेटिंग केलं ते पंपावरच्याच पेट्रोलवर, जानेवारीतही तेच. त्याचा हिशोब जेटमध्ये आधीच आलेला होता. उसाच्या पट्ट्यातले आपण, इथेनॉलवर राग काढायला कारणं पुष्कळ असतील, पण हा पिस्टन त्याच्या खात्यावर टाकता येत नाही.

एक मात्र सांगितलं: कॅनमध्ये महिनाभर ठेवलेलं पेट्रोल शर्यतीला नको. इथेनॉल पाणी ओढतं. टाकीत पाणी खाली बसलं तर कुठलाही जेट कामाचा नाही.

दुसऱ्यांदा ट्युनिंग

सिलिंडर ०.२५ ओव्हरसाइज बोअर झाला, नवा पिस्टन बसला, शंभरेक किलोमीटरचं रनिंग-इन वावरातच फेऱ्या मारून केलं. तेल परत ३० मिली, आणि यापुढे त्याला हात लावायचा नाही असं ठरलं. तेल बदललं की जेट बदलला असं समज, एवढंच गणेशला सांगितलं.

या वेळी सकाळी ७ वाजता गेलो. वावरात हरभरा उभा होता, म्हणून धुऱ्याऐवजी गावाच्या मागचा कच्चा रस्ता, दोन्ही टोकांना पोरं उभी करून. सुरुवात वरून केली, १८५. फडफड. १८० वर कमी. १७५ वर वरच्या टोकाला हलकी कुरकुर, प्लगच्या मुळाशी बारीक तपकिरी वलय. इथेनॉलच्या पेट्रोलवर हा रंग पूर्वीइतका गडद येत नाही, फिकाच असतो. जुन्या सवयीने चॉकलेटी रंगाची वाट बघत बसलात तर गाडी नको इतकी रिच होईल. गणेश म्हणाला, "उस्ताद, १७० घालून बघू की." मी जेट खिशात टाकला.

त्याच दिवशी दुपारी २ वाजता, पारा ३० वर असताना, १७५ परत पळवला. आता कुरकुर वाढलेली, १७० वर स्वच्छ. सकाळ-दुपारचा फरक त्याने कानाने ऐकला. मी दहा मिनिटं बोलून जे समजलं नसतं ते त्या एका फेरीत समजलं.

नीडलची क्लिप चौथ्या खाचेत तशीच ठेवली. पायलट २५, एअर स्क्रू सव्वा फेरा.

निकाल

फेब्रुवारीतल्या शर्यतीत गाडी सगळ्या फेऱ्या पुरी करून आली. गणेश पाचवा आला. पुढचे चौघेही त्याच्यापेक्षा चांगले चालवणारे होते, त्यात कार्ब्युरेटरचा काही संबंध नव्हता. परत आल्यावर सायलेन्सर काढून एक्झॉस्ट पोर्टमधून पिस्टन पाहिला, भिंती साफ.

कुठे वेगळं करता आलं असतं

मे मध्ये तीन ठिकाणी वाट चुकली. शर्यत कधी, किती वाजता, कुठे, हे गाडी हातात घेतानाच विचारायला हवं होतं. दुपारी ३ ला सेटिंग केलेल्या गाडीबरोबर निदान तेवढं लिहून द्यायला हवं होतं: हे ४२ अंशांचं आहे, थंडीत दोन पायऱ्या वर जा. आणि १६५ वर थांबायचं होतं. त्या एका पायरीने पिस्टन नक्की वाचला असता असं मी म्हणणार नाही. साडेसातातले तीन टक्के ती भरून काढत होती, उरलेले साडेचार राहतातच. पण तिसऱ्या फेरीऐवजी कदाचित त्याला आधी इशारा मिळाला असता.

प्रेशर टेस्टचं वेगळं आहे. ती मे मध्ये केली असती तरी निकाल तोच लागला असता. तरीही जानेवारीत सीलवर संशय घेण्यात गेलेले दोन दिवस वाचले असते. आता टू-स्ट्रोक ट्युनिंगला आली की ती मी आधी करतो आणि गिऱ्हाइकाने घाई केली तर गाडी परत पाठवतो.

गणेशकडून एकच झालं, तेल न विचारता वाढवलं. पण तेलाचं प्रमाण हा सेटिंगचाच भाग आहे हे मी त्याला सांगितलंच नव्हतं.

आता सीटखाली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली एक चिठ्ठी आहे. ४० च्या वर १६५, तीसला १७०, दहा-पंधराला १७५, तेल ३० मिली, क्लिप चार. शेजारी डबीत चार जेट आणि एक लांब स्क्रू ड्रायव्हर. मार्चच्या शेवटी त्याचा सकाळी फोन आला: "उस्ताद, आज अडतीस म्हणायलेत. एकशे सत्तर ठेवू का पासष्ट?" सत्तर ठेव म्हणालो.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. थंड सकाळी पाव रेसच्या खाली एकदम मूठ वळवली की गाडी क्षणभर थबकते. स्लाइडचा कटअवे २.५ आहे, २.० चा लागेल असा माझा अंदाज आहे. तो मागवला आहे, अजून आलेला नाही.